तारा लावलेल्या मुलांचं लॉकडाऊनमध्ये काय झालं, आणि आता सगळ्यांनाच तारा का लावायच्यात?

अवंती_डोंबिवली | ११ जुलै २०२१, रात्री १०:४२

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या दातांच्या तारांची चौकशी जोरात चालू आहे. कोण ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे डेंटिस्ट) चांगले, किती घेतात, मेटलच्या बऱ्या की ते दातांवर काढता घालता येणारे पारदर्शक अलायनर, ऑफिस उघडायच्या आत होऊन जाईल का, असं रोज काहीतरी. एप्रिलमध्ये याच ग्रुपवर बेड आणि रेमडेसिव्हिर मागत होते लोक, त्यामुळे आता कुणाला दातांचा विचार सुचतोय हे मला खरंच बरं वाटतं, "एवढं जग मरतंय आणि यांना दात सरळ करायचेत" असं जे एका काकांनी लिहिलं ते मुळीच पटलं नाही. वेडेवाकडे दात घेऊन जगणाऱ्याला विचारा, फोटोत तोंड मिटून उभं राहायची सवय किती लहानपणी लागते ते.

पण मला वेगळंच विचारायचंय. नवीन लावणाऱ्यांची एवढी चर्चा आहे, पण ज्यांच्या तोंडात आधीच तारा होत्या त्यांचं मधल्या काळात काय झालं हे कुणी बोलतच नाही. माझ्या मुलीला फेब्रुवारी २०२० मध्ये तारा लावल्या, दवाखाना दादरला. २२ मार्चला लोकल बंद झाली आणि दादर आमच्यासाठी परदेश झालं. एप्रिलमध्ये तिच्या शेवटच्या दाढेमागे तारेचं टोक बाहेर आलं आणि गालाला आतून टोचायला लागलं. मी टॉर्च मारून बघितलं तर गालावर आत ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी जखम, मधे खड्डा, आणि बरोब्बर त्याच्यासमोर केसाएवढं चकाकणारं टोक. ती वरणभातसुद्धा एका बाजूने गिळत होती. दवाखान्याचा फोन लागेना, लागला तर कोणी उचलेना, मेसेजवर दोन निळ्या टिका आणि उत्तर नाही. शेवटी नात्यातल्या एका डेंटिस्ट मुलीने व्हिडिओ कॉलवर काय करायचं ते दाखवलं.

तर प्रश्न दोन. तुमच्याकडे असं कुणाचं काय झालं आणि काय केलंत ते सविस्तर लिहा. आणि इथे कुणी ऑर्थोडॉन्टिस्ट असतील तर कृपया सांगा की महिनोन् महिने दाखवता आलं नाही तर दातांचं नक्की काय होतं, म्हणजे आता जे लावायला निघालेत त्यांना डोळे उघडे ठेवून लावता येतील. तिसरी लाट येणार म्हणतायत सगळे.

---

शिल्पा_कोथरूड | ११ जुलै २०२१, रात्री ११:१५

मी त्या नवीन लावणाऱ्यांतली :) वय ३४. दात पुढे आहेत हे मला आठवीपासून माहितीये पण तेव्हा घरात तीन भावंडं आणि एक पगार, आईला सांगायची हिंमतच झाली नाही. मग नोकरी, लग्न, मूल, राहूनच गेलं. आता दीड वर्ष रोज पाच पाच तास स्वतःचाच चेहरा लॅपटॉपवर बघतेय, बोलताना माझा ओठ कसा अडकतो ते मला आधी कधी दिसलंच नव्हतं. बाहेर गेलं तर मास्क, घरी असलं तर कॅमेरा बंद करता येतो, दुपारी जेवल्यावर ब्रश करायला बाथरूम हाताशी, आणि दीड वर्षात ना कुठे फिरायला गेलो ना लग्नाला, तो पैसा बाजूला पडलाय. एवढ्या गोष्टी जुळून आल्यावर आत्ता नाही तर कधी? माझ्या टीममधल्या बऱ्याच जणींचं हेच चाललंय.

अवंतीताई तुमच्या मुलीचं वाचून मात्र पोटात कालवलं. हा विचार मी केलाच नव्हता.

---

ऑर्थो_सांगली | १२ जुलै २०२१, सकाळी ७:०५

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, सांगलीत प्रॅक्टिस करतो. ओपीडीच्या आधी लिहितोय, लांबेल, पण अवंतीताईंचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून नीट लिहितो.

आधी आम्ही बंद का होतो ते. एअरोटर (दात कोरायचं यंत्र) चालू केला की तोंडातलं पाणी, लाळ सगळ्याचा फवारा हवेत जातो आणि आमचं तोंड पेशंटच्या तोंडापासून हातभर. मार्च २०२० मध्येच इस्लामपूरला रुग्ण सापडले त्यामुळे आमच्या जिल्ह्यात धास्ती फार लवकर बसली. मे २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने डेंटल क्लिनिकसाठी सूचना काढल्या, कंटेनमेंट झोनमध्ये क्लिनिक बंद, फक्त फोनवर सल्ला, रेड झोनमध्ये फक्त इमर्जन्सी, ऑरेंज आणि ग्रीनमध्येही तातडीचंच काम, बाकी सगळं पुढे ढकला. सुजलेला जबडा, न थांबणारं रक्त ही इमर्जन्सी. दर महिन्याला तार बदलणं त्यात बसत नव्हतं. म्हणजे नियमाने चूक काहीच नव्हती, पण आमचा पेशंट असा असतो की त्याला आज इमर्जन्सी नाही आणि सहा महिने कोणी बघितलंच नाही तर मग आहे.

आता दातांचं काय होतं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, मुळाभोवती बारीक तंतूंचा पडदा असतो. तारेने हलका दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड शरीर स्वतः विरघळवतं आणि मागच्या बाजूला नवीन भरतं. ढोबळ मानाने महिन्याला एक मिलिमीटर. म्हणून दोन वर्षं लागतात आणि म्हणून चार ते सहा आठवड्यांनी बघावं लागतं, कारण दात कुठे चाललाय ते बघून पुढचा दाब ठरतो.

सुरुवातीच्या ज्या बारीक निकेल टायटॅनियमच्या तारा असतात, त्या फार सौम्य आणि बराच काळ काम करतात. अवंतीताई, तुमच्या मुलीची फेब्रुवारीची पहिली तार म्हणजे बहुतेक हीच असणार. दात ओळीत येत गेले की तार सरकते आणि जास्तीची लांबी मागून बाहेर येते, तेच टोक टोचलं. म्हणजे दुखणं खरं, पण ते दात सरळ होत असल्याचंही लक्षण होतं. काढलेल्या दाताची जागा भरण्यासाठी जी रबरी चेन लावतो तिची ताकद तीन चार आठवड्यांत संपत येते, मग दात नुसते उभे राहतात, वेळ वाया जातो पण बिघडत फारसं नाही. काळजी असते ती स्प्रिंग लावलेल्यांची आणि उलटा बाक दिलेल्या तारांची. या गोष्टी कोणी थांबवेपर्यंत काम करत राहतात. माझ्या अशा पेशंटची यादी मी लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात वहीतून काढली आणि एकेकाला फोन केले, पोलिसांची परवानगी काढून काहींना बोलावून फक्त ती स्प्रिंग काढून टाकली. जे पेशंट वरच्या आणि खालच्या तारेत घरी रबर अडकवतात त्यांना सांगितलं, फोटो पाठवत असाल तर लावा, नाहीतर बंद करा.

आणि सगळ्यात जास्त नुकसान तारांनी केलंच नाही, ते खाण्याने आणि ब्रश न करण्याने केलं. मुलं दिवसभर घरात, सारखं काहीतरी तोंडात, बिस्किट, केक, कोल्ड्रिंक, शाळा नाही म्हणून सकाळी उठून ब्रश करायची शिस्त गेलेली. ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवतो त्या तुकड्याच्या, भोवती खडूसारखे पांढरे डाग पडलेली इतकी मुलं मी ऑक्टोबर २०२० मध्ये बघितली की वाईट वाटलं. ते इनॅमल विरघळल्याचे डाग असतात, ब्रॅकेट काढल्यावर चौकोनी खूण राहते, काही पुसट होतात, काही आयुष्यभर दिसतात.

टोचणाऱ्या तारेचं काय करायचं ते रात्री लिहितो, पेशंट आलेत.

---

सातारकर_नाना | १२ जुलै २०२१, सकाळी ९:३०

डॉक्टर, उत्तम माहिती. वाचनखूण साठवली. आमच्या नातवाच्या बाबतीत खाण्याचं अगदी तंतोतंत, दोष आमचा आजी आजोबांचाच, लाड म्हणून देत गेलो.

---

विदा_वाचक | १२ जुलै २०२१, दुपारी १:२०

धाग्याच्या शीर्षकातल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. लोकांचा रस खरंच वाढला का, की आपल्याला तसं वाटतंय? यावर बऱ्याच ठिकाणी अभ्यास झालेत, गूगल ट्रेंड्स आणि ट्विटरवरून. साधारण चित्र असं की मार्च एप्रिल २०२० मध्ये दातांच्या तारा, अलायनर वगैरे शोधणारे एकदम कमी झाले, आणि टाळेबंदी सैल झाल्यावर पुन्हा वर आले. ट्विटरवर त्या काळात तारावाले पेशंट जे लिहीत होते ते म्हणजे अपॉइंटमेंट रद्द झाली, तार टोचतेय, किती दिवस अजून हे तोंडात ठेवायचं. म्हणजे अवंतीताई म्हणतात ती माणसं बोलत होती, आपण ऐकत नव्हतो.

गूगल ट्रेंड्स वाचताना एक ध्यानात ठेवा. तिथले आकडे ० ते १०० असतात आणि ते माणसांची संख्या सांगत नाहीत, त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या उंचीच्या मानाने किती एवढंच सांगतात. एखादा शब्द १०० वर दिसला म्हणजे लाखो लोक शोधतायत असं नाही. आणि शोधणं वेगळं, गरज असणं वेगळं, क्लिनिकच्या खुर्चीत बसणं तर आणखीनच वेगळं. ज्या आईकडे एकच फोन होता आणि तो मुलाच्या ऑनलाइन शाळेला दिलेला, तिने काहीच शोधलं नाही म्हणून तिच्या मुलाचे दात दुखत नव्हते असं नाही ना.

खरेदीचा आकडा बघायचा तर इनव्हिझलाइन हे अलायनर बनवणारी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी शेअर बाजारात आहे, तिचे आकडे उघड आहेत. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत उत्पन्न घसरून ३५ कोटी डॉलरवर आलं आणि लगेच तिसऱ्या तिमाहीत ७३ कोटींच्या वर, तोवरचं सगळ्यात जास्त. त्यात अडून राहिलेले जुने पेशंट किती आणि नवीन किती हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही, पण माणसं परत आली हे नक्की.

शिल्पा, तुम्हाला एक सांगावंसं वाटतं, दात पुढे असतील तर जरूर करा, पण कॅमेऱ्यात दिसतो तो चेहरा प्रमाण धरू नका. जवळून काढलेल्या फोटोत जे भाग कॅमेऱ्याच्या जवळ ते मोठे दिसतात. २०१८ मध्ये एका अमेरिकन अभ्यासात गणिताने काढलं होतं की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. दातांनाही तोच न्याय. ऑर्थोडॉन्टिस्टकडच्या साच्यावरून आणि एक्सरेवरून ठरवा.

---

शिल्पा_कोथरूड | १२ जुलै २०२१, दुपारी २:०२

हे फार महत्त्वाचं सांगितलंत, धन्यवाद. माझ्या डॉक्टरांनी बाजूने काढायचा तो मोठा एक्सरे काढायला लावलाय, आधी मला वाटलं उगाच खर्च.

---

लेस्टरकर | १२ जुलै २०२१, संध्याकाळी ६:४८

इंग्लंडचं सांगतो. इथे २५ मार्च २०२० ला सगळ्या दंतवैद्यांचं नेहमीचं काम थांबवलं आणि ८ जूनला पुन्हा परवानगी दिली. माझ्या मुलाला एनएचएसमधून (इथली सरकारी आरोग्यसेवा) तारा आहेत, १८ वर्षांखालच्या मुलांना खरी गरज असेल तर त्या फुकट मिळतात, पण गरज म्हणजे आईबापाला वाटतं ती नाही, दातांच्या ठेवणीला एक ते पाच दर्जा देतात आणि वरच्या दर्जात बसलात तरच नंबर. रांग आधीच मोठी होती ती साथीत आणखी लांबली.

एक गोष्ट मात्र इथे चांगली झाली. ब्रिटिश ऑर्थोडॉन्टिक सोसायटीने घरी काय करायचं याचे साधे सोपे सल्ले लगेच लोकांसमोर ठेवले, तार टोचली तर, ब्रॅकेट सुटला तर, रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला घालतात तो) तुटला तर. आमच्या क्लिनिकने तेच ईमेलने पाठवले. त्या एका ईमेलमुळे आमच्या घरात जो धीर आला तो मी विसरणार नाही. आपल्याकडे प्रत्येक क्लिनिकने मराठीत एक पानभर जरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर किती आयांचे हाल वाचले असते.

---

ऑर्थो_सांगली | १२ जुलै २०२१, रात्री १०:५५

लेस्टरकर, अगदी बरोबर. मग ते पान इथेच लिहितो, ज्याला हवं त्याने उचलून पुढे पाठवा.

तार गालाला टोचतेय: आधी आरशासमोर, उजेडात, कापसाने ती जागा कोरडी करा. ऑर्थोडॉन्टिक वॅक्स मिळतं, मटाराच्या दाण्याएवढं घ्या, बोटांत मळून मऊ करा आणि टोकावर दाबून बसवा. ओल्या जागेवर चिकटत नाही, तिथेच सगळे फसतात. झोपताना नवीन लावा. गिळलं गेलं तरी घाबरू नका. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या, जखम दोन चार दिवसांत भरते. टोक मऊ, बारीक तारेचं असेल तर स्वच्छ चिमट्याने किंवा पेन्सिलच्या मागच्या धुतलेल्या रबराने दाताच्या बाजूला वळवता येतं. कापायची वेळ आलीच तर ती शेवटची पायरी, तीही डॉक्टर व्हिडिओवर असताना. नेलकटर साबणाने धुवून स्पिरिटने पुसलेला, तारेखाली कापसाची किंवा गॉजची घडी आणि पेशंट बसलेला, आडवा नाही, म्हणजे तुटलेला तुकडा घशात जाणार नाही.

ब्रॅकेट सुटून तारेवर फिरतोय: दुखत नसेल तर तसाच राहू द्या, वॅक्सने स्थिर करा. फेविक्विक लावू नका. हे लिहावं लागतंय कारण लावून आलेले पेशंट मी बघितलेत.

दाढेची रिंग सैल झालीय: त्याच्याखाली अन्न अडकून दाढ किडते, हे लवकर दाखवा.

अलायनर: पुढचा सेट आलाच नाही तर शेवटचा बसणारा घालत राहा, काढून ठेवू नका. तुटला तर आधीच्या नंबरचा बसतो का बघा. जुने सेट फेकायचे नसतात ते यासाठी. रोज २० ते २२ तास तोंडात हवा, चहासाठी काढला की परत घाला.

रिटेनर: ट्रीटमेंट संपलेल्यांनी हा तुटला तर सगळ्यात जास्त घाई करायची. दात परत फिरायला महिने लागत नाहीत.

ताप, चेहऱ्यावर सूज, गिळता न येणं, तोंड न उघडणं, यात घरचं काही करू नका, सरळ हॉस्पिटल.

---

फोंड्याची_मनीषा | १३ जुलै २०२१, सकाळी ११:१०

आमच्या गोव्यात पहिल्या लॉकडाऊननंतर एप्रिल २०२० मध्ये सगळे पेशंट बरे होऊन आकडा शून्यावर आला होता, आम्ही निर्धास्त झालो, मग जूनमध्ये वास्कोला मांगोर हिलवर सुरू झालं आणि परत सगळं बंद. माझ्या धाकट्याला टाळू रुंद करायचं यंत्र बसवलं होतं, बांबोळीच्या सरकारी डेंटल कॉलेजात. त्याच्या मधोमध एक स्क्रू असतो आणि चावी देतात, घरी आईने रोज फिरवायची. एका फेऱ्याला पाव मिलिमीटर. चावी म्हणजे हो, बारीक तारेसारखी, त्याला झोपवून मान मागे करून टाळूकडे टॉर्च धरायचा, स्क्रूच्या भोकात चावी घालून घशाच्या दिशेने ढकलायची, पुढचं भोक दिसलं की झालं. पुढच्या दोन दातांत फट पडायला लागली की बरोबर चाललंय समजायचं असं सांगितलेलं. पण कुठे थांबायचं हे मला कसं कळणार? तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने स्वतःच्या फोनवरून फोन केला, फोटो मागवला आणि सांगितलं की आता चावी फिरवणं बंद, यंत्र तसंच राहू द्या, ते नुसतं राहिलं तरी मिळवलेली जागा धरून ठेवतं. तिने फोन केला नसता तर मी फिरवतच राहिले असते. खर्चही खाजगीच्या मानाने खूपच कमी आला. सरकारी कॉलेजात नको म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितेय.

---

ऑर्थो_सांगली | १३ जुलै २०२१, दुपारी ३:२५

मनीषाताई, त्या मुलीचं कौतुक करा, अगदी हेच करायला हवं होतं. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, तसंच नागपूर, औरंगाबादची शासकीय कॉलेजं, इथे सगळीकडे ऑर्थोचा स्वतंत्र विभाग आहे. वेळ जास्त लागतो, हेलपाटे होतात, पण शिक्षकांची नजर असते आणि एक डॉक्टर पास होऊन गेला तर पेशंट दुसऱ्याकडे रीतसर सोपवला जातो.

---

तन्मय_परभणी | १३ जुलै २०२१, रात्री ९:४०

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑक्टोबरमध्ये एका कंपनीची जाहिरात बघून घरपोच अलायनर मागवले, नाव नाही लिहीत. मुंबईला मावशीकडे असताना माणूस घरी येऊन स्कॅन करून गेला, मग डबा कुरिअरने आला. सुरुवातीला मस्त वाटलं. मग मी गावाकडे आलो. मधल्या एका नंबरपासून समोरचा एक दात अलायनरमध्ये नीट बसेना, वर पोकळी दिसायची. अ‍ॅपवर फोटो टाकला की उत्तर यायचं "आणखी आठवडाभर घाला". दर वेळी वेगळा माणूस, आधीचं काही माहीत नसलेला. एकदाही कुणी डॉक्टर म्हणून नाव सांगून बोललं नाही. शेवटी परभणीच्या एका ऑर्थोडॉन्टिस्टना दाखवलं तर त्यांनी पहिल्यांदा एक्सरे काढला आणि सांगितलं की हिरडीजवळचं हाड आधीच थोडं कमी आहे, दात हलवायच्या आधी हे बघायला हवं होतं. माझा तोंडाचा एक्सरे त्याआधी कोणी काढलाच नव्हता. घरी हप्ते चालू आहेत.

मला अलायनर वाईट म्हणायचे नाहीत. माझ्या मित्राला डॉक्टरकडून घेतलेल्या अलायनरचा छान फरक पडलाय. पण तोंडात बघणारं माणूस हवं.

---

अवंती_डोंबिवली | १३ जुलै २०२१, रात्री ११:३०

तन्मय, तू लिहिलंस ते फार बरं केलंस. बाळा, हप्त्यांचं त्या कंपनीशी लेखी बोल, फोनवर नको, आणि एक्सरेचा रिपोर्ट जोड.

सगळं वाचून माझं मत आणखी पक्कं होत चाललंय. तारा म्हणजे मिक्सरसारखी विकत घ्यायची वस्तू नाही, कोणी सांभाळलं तरच तिचा उपयोग. मनीषाच्या मुलाला आणि माझ्या मुलीला, दोघांच्याही तोंडात धातूच होता. फरक फक्त एका फोनचा. म्हणून जे आता चौकशी करतायत त्यांनी किंमत विचारायच्या आधी हे विचारा की उद्या पुन्हा सगळं बंद झालं तर माझा फोन कोण उचलणार. माझ्या मुलीच्या दवाखान्याने ऑगस्टमध्ये सांगितलं की डॉक्टर गावाला गेलेत, कधी येतील सांगता येत नाही. पैसे तर आम्ही अर्ध्याहून जास्त आधीच भरलेले. एका लहान मुलीच्या तोंडात काहीतरी बसवून तुम्ही असे निघून कसे जाऊ शकता हा राग माझा अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. आता डोंबिवलीतच दुसऱ्या डॉक्टरांकडे चालू आहे, चालत दहा मिनिटांवर.

डॉक्टर, नवीन लावणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत काय काय मागून घ्यावं?

---

ऑर्थो_सांगली | १४ जुलै २०२१, सकाळी ६:५०

ताई, तुमचा राग रास्त आहे. आमच्यातही त्या वर्षी माणसं गेली, क्लिनिकचं भाडं थकून कायमची बंद झाली, एसी बंद ठेवून मे महिन्यात पीपीई किटमध्ये काम केलेल्यांना विचारा. तरीही पेशंटला एक मेसेज करायला काही लागत नव्हतं.

पहिल्या भेटीत विचारा, तुम्ही एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स आहात का, म्हणजे बीडीएसनंतरची तीन वर्षं याच विषयाची. दर वेळी तुम्हीच बघणार की बाहेरून येणारे डॉक्टर, आणि त्यांचा नंबर मिळेल का. ट्रीटमेंट प्लॅन कागदावर, दात काढायचे असतील तर कुठले आणि का. एक्सरे, फोटो, साचे यांची प्रत तुमच्याकडे, ईमेलवर. हे तुमच्याकडे असलं की गाव बदललं, डॉक्टर बदलले तरी दुसरा माणूस पहिल्यापासून अंदाज बांधत बसत नाही. पैसे हप्त्याने आणि कामाच्या टप्प्याप्रमाणे द्या, एकरकमी देऊ नका, कितीही सूट दिली तरी. आणि शक्यतो जवळचा डॉक्टर. दोन वर्षांत वीस एक फेऱ्या होतात, लोकल बंद असली तरी पोचता येईल असा.

शिल्पाताई, तुमचं वय अजिबात आड येत नाही. हिरड्या आधी तपासून, साफ करून घ्या एवढंच.

---

कुमुद_लातूर | १४ जुलै २०२१, दुपारी १२:१५

एक भीती विचारते. माझ्या पुतण्याला तारा आहेत, वय २६, मे महिन्यात कोविड झाला, स्टेरॉइड दिली होती, शुगर वाढलेली. आता म्हणतो वरचे दात हलतायत. तारांमुळे हलतात म्हणून घरचे गप्प आहेत. टीव्हीवर म्युकरमायकोसिसचं (काळी बुरशी) ऐकल्यापासून मला झोप नाही.

---

ऑर्थो_सांगली | १४ जुलै २०२१, दुपारी १२:३८

ताई, आजच दाखवा, संध्याकाळची वाट बघू नका. तारा असताना दात जरासे हलतात हे खरं, पण ते सगळीकडे सारखे आणि कणभर. कोविड, स्टेरॉइड, वाढलेली शुगर आणि त्यानंतर वरच्या जबड्यातले दात एका बाजूला हलणं, हिरडीतून पू, गाल बधिर वाटणं, नाकातून काळपट स्राव, डोळ्याभोवती दुखणं, यातलं एकही असेल तर ते तारांवर ढकलायचं नाही. मेडिकल कॉलेजला कान नाक घसा विभागात जा, सीटी किंवा एमआरआय ते सांगतील. तारांच्या डॉक्टरांनाही फोन करा, एमआरआयच्या आधी तार काढावी लागू शकते.

---

कुमुद_लातूर | १७ जुलै २०२१, रात्री ८:०५

म्युकर नाही. हिरडीचं इन्फेक्शन निघालं, औषधं चालू आहेत. त्या दिवशी तुम्ही लगेच लिहिलंत, तुमचे उपकार कसे फेडू. त्याच्या तारा सहा महिने थांबवल्यात, शुगर आटोक्यात येईपर्यंत.

---

तन्मय_परभणी | २० जानेवारी २०२४, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब बंद पडल्याचं वाचलं असेल. दवाखान्यात न जाता घरपोच अलायनर देणारी सगळ्यात गाजलेली कंपनी, २०१४ ची, २०१९ मध्ये शेअर बाजारात आली, सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये कामच बंद. ज्यांची ट्रीटमेंट अर्धवट होती त्यांना सांगितलं तुमच्या जवळच्या डेंटिस्टना भेटा, आयुष्यभराची हमी रद्द, आणि हप्तेवाल्यांनी मात्र हप्ते भरत राहायचे. वाचताना अंगावर काटा आला. अवंतीकाकूंनी इथे विचारलेला प्रश्न तिथल्या लोकांनी आधी विचारला असता तर.

माझं परभणीतच ब्रॅकेट लावून गेल्या वर्षी पूर्ण झालं. आधी हिरड्यांची ट्रीटमेंट केली, मग फार हळू दाब देत दात हलवले. आता आतून बारीक तार चिकटवलीये आणि रात्री रिटेनर. कंपनीने लेखी तक्रारीनंतर उरलेले हप्ते माफ केले, भरलेले मिळाले नाहीत.

---

अवंती_डोंबिवली | २१ जानेवारी २०२४, सकाळी ८:१२

वा तन्मय, फार आनंद झाला वाचून. माझ्या मुलीच्या निघाल्या, कॉलेजात आहे आता. गेल्या आठवड्यात हॉस्टेलवर रिटेनर कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला आणि मावशींनी कचऱ्यात टाकला. मला रात्री फोन. डॉक्टरांनी तिचा साचा जपून ठेवलेला होता, नवीन बनवून कुरिअर केला, परवा पोचला. इथे ज्यांची मुलं हॉस्टेलला आहेत त्यांनी रिटेनरचा एक जादा सेट करून घरी ठेवा आणि डबीशिवाय तोंडातून काढायचा नाही हे बजावून सांगा.